अण्णा आणि बाराबंदीचं पांढरं : एका हौशी छायाचित्रकाराचं प्रकरण

२०२३ ची संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. अण्णा दुकानात आले, पिशवीतून कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, हे मशीन पांढरं खायलंय."

कॅमेरा आदल्या दिवाळीत घेतलेला, सेकंडहँड निकॉन डी७२००. पडद्यावर गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे, फोटो. सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, वर उसळलेली गर्दी, नंदीध्वजांच्या उंच उभ्या काठ्या आणि त्या पेलणारे मानकरी. त्यांच्या अंगातल्या बाराबंदीची, म्हणजे बंदांनी बांधायच्या पांढऱ्या अंगरख्याची, मात्र नुसती पांढरी ठिगळं झाली होती. बंद नाहीत, चुण्या नाहीत, घामानं पाठीला चिकटलेलं कापड नाही. चेहरे छान आले होते, त्यामुळे तर अण्णांना जास्तच राग आला होता.

अण्णा माझ्या वडिलांच्या कलर लॅबचे जुने गिऱ्हाईक. नाव लिहायचं नाही ही त्यांची अट आहे, म्हणून सगळे म्हणतात तसं मीही अण्णाच लिहिते. वय तेव्हा ६६. राहायला पूर्व भागात; घरात तेलुगू, बाहेर मराठी. चादरीच्या कारखान्यात डिझाइनच्या कामाला होते. ग्राफच्या कागदावर नक्षी काढायची, मग तिचं पंचिंग करून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, भोकांची कार्डं तयार करायची. फोटोग्राफी ही हौस. रविवारी आणि यात्रेत, निकॉन एफएम१० या रोलच्या कॅमेऱ्यावर आणि ५० मिमीच्या एकाच लेन्सवर. रोल आमच्याकडे धुवायला यायचा आणि मॅक्सी प्रिंट होऊन परत जायचा. लॅबचं मशीन आम्ही केव्हाच विकलं. आता मी अल्बम आणि मोठे प्रिंट करते, आणि कुणाला शिकायचं असेल तर शिकवते.

माझ्याकडे अण्णांच्या वयाचे बरेच जण येतात. घरच्यांचं निदान ठरलेलं असतं : वय झालं, कॉम्प्युटर जमत नाही. अण्णांबद्दल मीही तेच धरून चालले आणि दोन महिने वाया घालवले. कॅमेरा ऑटोवर टाकून दिला, मेनूतल्या गोष्टी वहीत लिहून दिल्या, माउस धरायला शिकवला. अण्णा मान डोलवायचे, घरी जायचे आणि कॅमेरा कपाटात ठेवायचे. मार्चमध्ये त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "बटणं कळली गं. पण फोटो माझा राहिला नाही."

पांढऱ्याचं कारण

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. त्यांना विचारलं, अण्णा, रोलवर तुम्ही हाच फोटो कसा काढायचा?

उत्तर तोंडपाठ होतं. दुपारचं ऊन, शंभरचा रोल, लेन्सचं छिद्र आठवर, शटर २५०, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग. आता भर उन्हाचा जुना सोळाचा नियम सांगतो की शंभरच्या रोलला छिद्र सोळा असेल तर शटर साधारण १२५. छिद्राचा आकडा लहान तेवढं ते मोठं; आठला उजेड चौपट येतो, म्हणून शटर ५००. अण्णा जाणूनबुजून दुप्पट उजेड देत होते. कारण पटक्याखालचे चेहरे काळे पडू नयेत. "थोडं ओव्हर चालतंय, अंडर नको," हे त्यांना कुणी शिकवलं? माझ्याच वडिलांनी.

आणि ते बरोबरच होतं. कलर निगेटिव्हला जास्त उजेड दिला की निगेटिव्ह जाड होते, पण पांढऱ्यातले तपशील त्या जाडीत शाबूत राहतात. बाबा ती जाड निगेटिव्ह मशीनवर घ्यायचे, प्रिंटला उजेडाची वेळ वाढवायचे आणि बाराबंदीची प्रत्येक चुणी कागदावर उतरायची. अण्णांना वाटायचं फोटो आपण काढला. अर्धा बाबांनी काढलेला असायचा, हे दोघांनाही कधी बोलून दाखवावं लागलं नाही.

डिजिटलमध्ये हिशोब उलटा. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे उजेड साठवायची एक टाकी. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात टाकीचं उदाहरण समजवावं लागत नाही : भरली की वरचं पाणी गटारात, ते परत आणता येत नाही. टाकी तळाला असेल तर मात्र उरलेलं पाणी काढून वापरता येतं. म्हणजे सावलीतला काळोख नंतर उजळता येतो, जळालेलं पांढरं परत येत नाही. रोलवर सावली सांभाळायची आणि पांढरं लॅबवर सोडायचं. इथं पांढरं सांभाळायचं आणि सावली नंतर उचलायची.

तर पांढरं मशीन खात नव्हतं. अण्णांचा सगळ्यात चांगला नियमच आता चुकीचा झाला होता, आणि ती चूक झाकणारा माणूस मशीनमागे उरला नव्हता.

हे कळल्यावर अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या बापाचं काम आता मी करायचं." या प्रकरणाबद्दल मला एवढंच म्हणायचं होतं, ते त्यांनी माझ्याआधी म्हणून टाकलं. त्यांना नवं यंत्र शिकायचं नव्हतं, लॅबवाल्याचं काम शिकायचं होतं. ते काम आजवर कोण करत होतं हेच दिसत नसल्यानं आम्ही दोघं बटणांशी झटापट करत बसलो होतो.

ग्राफच्या घरांवर

त्यानंतर जे घडलं ते पाहून मीच चक्रावले. पिक्सेल, रिझोल्यूशन, बिट यांवर मी एरवी दोन-दोन तास घालवते. अण्णांनी ते वीस मिनिटांत उरकलं. त्यांच्यासाठी फोटो म्हणजे ग्राफचा कागद आणि पिक्सेल म्हणजे त्यातलं घर. जकार्डच्या कार्डावर भोक असेल तर हुक उचलला जातो, नसेल तर नाही. हो किंवा नाही. त्यांनी आयुष्यभर हेच केलं. शिवाय नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जकार्ड आला, कार्डांचे ढीग गेले आणि त्यांच्या जागी फाइल आली, तेही त्यांनी पाहिलं होतं. कॉम्प्युटर त्यांना परका होता हा माझाच समज.

मी त्यांना सांगितलं की १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. फोटो १०० बाय १०० घरांचा, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. अण्णा हसले. "दहा हजार घरं? आमच्या चादरीवरचा मोर त्याच्यापेक्षा मोठा असतोय."

त्यांच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० घरांचा. १२ बाय १८ इंचाचा प्रिंट करायचा तर इंचाला ३०० धरून ३६०० बाय ५४०० लागतात, हा हिशोब त्यांनी माझ्या आधी कागदावर मांडला. मग स्वतःच विचारलं, पुतण्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तू मोठा का करून देत नव्हतीस? कारण साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० वर येते. पाच-सव्वापाच इंचांपुढं त्यात दम नसतो. आता ते पुतण्याला दरडावतात, "डॉक्युमेंट करून पाठव बे."

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं टिपलेलं जसंच्या तसं, समजवायला मला शब्द सापडत नव्हता, तोही त्यांनीच शोधला : कोरं सूत. जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेला नेहमीचा फोटो, हा रंगवून, धुऊन, घडी घालून आलेला माल. त्यात एका रंगाच्या २५६ पायऱ्या. त्यांच्या कॅमेऱ्यातल्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. कोऱ्या सुताला हवा तो रंग देता येतो, रंगवलेल्यावर दुसरा रंग चढवला की डाग दिसतात.

कॅमेऱ्यात बदल तीनच केले. फाइल रॉवर. फोटो पाहताना जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय मेनूतून चालू केली. आणि तांबडा, हिरवा, निळा असे वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम, कारण भगव्या पटक्यात आधी तांबडा एकटाच भरून वाहतो आणि एकत्र आलेखात ते कळत नाही. जुनी ५० ची लेन्स याच कॅमेऱ्यावर चढते. मेनूत तिची लांबी आणि मोठ्यात मोठं छिद्र भरलं की उजेड मोजणारा मीटरही चालतो. फक्त सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यानं ५० ची नजर ७५ सारखी होते. ज्या ओट्यावरून वर्षानुवर्षं फोटो काढला तिथून आता नंदीध्वजाचं टोक कापलं जातं, म्हणून २०२४ मध्ये अण्णा पन्नासेक पावलं मागं सरकले आणि एका ओळखीच्या गच्चीवर गेले. बसल्या जागेवरून उठवल्याबद्दल त्यांनी सेन्सरला दोन दिवस शिव्या दिल्या.

त्या वर्षी मॅन्युअलवर छिद्र आठ, शटर ६४०. मागच्या पडद्यावर फोटो इतका काळसर दिसला की त्यांना धीर धरवेना. घरी डार्कटेबलवर सावली उचलली. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला मात्र किचकट, आणि अण्णांना तेच आवडलं. बाराबंदीचे बंद मोजता येत होते.

एक कबुली द्यायला हवी. पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, पुतण्याच्या फोनवरचा अक्षतांच्या दुपारचा फोटो अण्णांच्या फोटोपेक्षा चांगला होता, आणि घरात त्यावरून चेष्टा झाली होती. आजचे बरेच फोन कमी उजेडाच्या अनेक फ्रेम घेऊन त्या एकावर एक जुळवतात, म्हणजे पांढरं सांभाळायचं आणि सावली उचलायची हा धडा फोनला कारखान्यातच शिकवलेला असतो. फोनच्या पोटात एक बाबा बसवलेला असतो म्हणा.

गेलेलं वर्ष

२०२४ च्या मे महिन्यात अण्णांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली. पत्र्याचं छत, चव्वेचाळीसचं ऊन, जुनी डिस्क. दोष कुणाला देणार. प्रश्न हा की दुसरी प्रत कुठं होती? कुठंच नव्हती. फोटो कॉम्प्युटरवर उतरवले की कार्ड लगेच पुसायचं, ही त्यांची शिस्त. रोल संपला की कॅमेरा रिकामा करायचा, त्याच शिस्तीचा हा नवा अवतार.

रोलच्या काळात त्यांनी कधी प्रत काढली नव्हती, पण प्रत आपोआप व्हायची. निगेटिव्ह माळ्यावरच्या पेटीत, प्रिंट खालच्या कपाटात, चांगल्या फोटोचा एखादा प्रिंट बहिणीकडं. एकाच वस्तूच्या तीन वस्तू, तीन जागी. फाइल एकच होती आणि ती एकाच डब्यात होती.

डेटा काढून देणाऱ्यानं बऱ्याच फाइली परत दिल्या, पण नावं आणि फोल्डर गेले. एका ढिगात हजारो फाइली, क्रमांक पडलेल्या. मी म्हणाले, घाबरू नका, प्रत्येक फोटोच्या आत तारीख-वेळ लिहिलेली असते, त्यावरून लावू. लावलं तर सगळे फोटो भलत्याच वर्षातले. कॅमेरा आधीच्या मालकाकडे बॅटरीशिवाय कित्येक महिने पडून होता, त्यामुळे आतलं घड्याळ शून्यावर गेलेलं, आणि अण्णांनी ते कधी लावलंच नाही. का लावतील? रोलवर तारीख कोण घालायचं? पाकिटावर बाबा घालायचे. तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, रोलचा नंबर, निळ्या बॉलपेननं.

तरी यातून वाट निघाली, कारण चुकीचं घड्याळसुद्धा सरळच चालतं. फरक सगळीकडं सारखा असतो. एका फोटोत दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ होतं आणि तो दिवस अक्षतांचा, म्हणजे तारीख पक्की. फरक काढला, एक्झिफटूल नावाच्या सोयीनं सगळ्या फाइलींची वेळ एकदम पुढं सरकवली. अण्णांना हे काम फार आवडलं. मला त्यात एक संध्याकाळ गेली आणि डोकं उठलं.

आता त्यांची पद्धत अशी आहे : कॅमेऱ्यात दोन कार्डं, दोन्हींवर एकच फोटो. घरी कॉम्प्युटर, शिवाय एक बाहेरची डिस्क, आणि दुसरी डिस्क बहिणीकडं. ती दर अमावास्येला बदलून आणतात. अमावास्या का, तर तारीख विसरते, अमावास्या विसरत नाही. कार्ड पुसायचं ते बहिणीकडची डिस्क बदलून आल्यावरच.

निवड

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण इथं मला यश आलेलं नाही. ३६ फोटोंच्या रोलवर बोट दाबण्याआधी अण्णा विचार करायचे. पैसाच करायला लावायचा. कार्डावर तो राखणदार नाही. २०२४ च्या अक्षतांना त्यांनी सलग फ्रेम घेणारी सोय वापरली. 'सत्यम सत्यम, दिड्यम दिड्यम' म्हटल्यावर अक्षता उडतात तो क्षण हवा होता, आणि घरी आले ते चौदाशे फोटो घेऊन. त्यांतून बारा निवडायला जून उजाडला असता, पण मेमध्ये काय झालं ते वर आलंच आहे. २०२५ मध्ये ती सोय त्यांनी बंद ठेवली आणि 'दिड्यम'च्या आधीच्या श्वासावर बोट ठेवलं. उडालेल्या अक्षता तीन फोटोंत मिळाल्या. हे तंत्र नव्हे, चाळीस वर्षांची यात्रा आहे. मी ते कुणाला शिकवू शकत नाही.

नान्नजचं गवत आणि रस्त्यावरच्या तारा

एआयच्या साधनांविषयी मला वाटलं होतं की ते एक तर भारावून जातील किंवा चिडतील. दोन्ही झालं नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पहाटे काढलेला एक काळवीट होता. उजेड नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत वाढवलेली, फोटोभर दाणे. २०२३ च्या एप्रिलमध्ये लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइलसाठी एआयनं दाणे काढायची सोय आली होती. माझ्या मशीनवर ती चालवून दाखवली. फोटो लख्ख झाला. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला नाक लावलं आणि कानाकडं बोट दाखवलं. "हे केस त्याचे नाहीत. कुणीतरी चांगले काढलेत." आम्ही जोर निम्म्यावर आणला, थोडे दाणे राहू दिले. तो प्रिंट त्यांच्या दारासमोर लागलेला आहे.

दुसऱ्या फोटोत गवतात एक प्लास्टिकची पिशवी होती. ती मी काढून टाकली. त्या जागी सॉफ्टवेअरनं गवत भरलं. मला काही खटकलं नाही. त्यांनी दोन सेकंदांत सांगितलं, "इथं रिपीट आलाय." खरंच, शेजारचाच गवताचा तुकडा दोनदा बसला होता. ज्यानं आयुष्यभर चादरीच्या नक्षीचा रिपीट कुठं जुळतो ते पाहिलं, त्याच्यापासून तो लपणार कसा.

खरा वाद झाला तो विजेच्या तारांवरून. उत्तर कसब्यातल्या गल्लीतून निघालेला नंदीध्वज, मागं जुना वाडा आणि मध्ये तारांचं जाळं. मी म्हणाले, काढून टाकू, मिनिटाचं काम आहे. अण्णा म्हणाले, नको. मी म्हणाले, बाबासुद्धा ब्रशनं डाग काढायचेच की. त्यावर त्यांचं उत्तर : "डाग कागदावर होता. तार रस्त्यावर आहे."

मला हे पूर्ण पटलेलं नाही. लग्नाच्या अल्बममधून मी रोज माणसंच्या माणसं पुसते आणि त्याचेच पैसे घेते. पण त्यांनी त्यातूनही व्यवहार काढला. दोन फोल्डर केले : 'नोंद' आणि 'भिंत'. नोंदीत सेन्सरवरची धूळ सोडून काही काढायचं नाही. भिंतीसाठी काय करायचं ते करा, पण प्रिंटच्या मागं पेन्सिलनं लिहायचं. काळविटाच्या मागं लिहिलंय, 'दाणे मशीनने कमी केले'.

माळ्यावरची पेटी

डिस्क गेल्यावर अण्णांना जुन्या निगेटिव्हची काळजी लागली. १६८ रोल, पत्र्याखालच्या माळ्यावर. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे बुरशी जवळपास नव्हती, पण उष्णतेनं काही पट्ट्यांना आंबट वास सुटला होता, व्हिनेगरसारखा. फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजायला लागल्याची ती खूण, आणि ती सुरू झाली की थांबत नाही. थंडाव्यात ठेवून सावकाश करता येते, एवढंच. पेटी आधी खालच्या खोलीत आणली आणि वासाची पाकिटं बाकीच्यांपासून वेगळी केली.

स्कॅनर घेण्याऐवजी कॅमेऱ्यानंच फोटो घ्यायचे ठरवलं. कॅमेरा स्टँडवर उलटा, खाली पांढऱ्या उजेडाची पाटी, त्यावर निगेटिव्ह, वर अगदी जवळचं टिपणारी माझी मॅक्रो लेन्स. पहिल्या दिवशी पाटीऐवजी टॅब्लेटचा पडदा वापरला, तर पडद्याची घरं फोटोत आली. निगेटिव्ह काचेवर दोन बोटं उचलून धरल्यावर ती गेली. निगेटिव्हचा नारिंगी रंग उलटवताना घालवायचा हे सगळ्यात जिकिरीचं. अण्णा रोज दोन रोल करतात, त्याहून जास्त नाही. प्रत्येक पट्टीवर आधी फुंकणीनं हवा, मग भिंगातून नजर, मग फोटो. फाइलीला नाव देतात ते पाकिटावरची तारीख पाहून.

१६८ पैकी ४१ झालेत. क्रमानं चालले होते, आता वास येणारे बारा आधी घ्यायचं ठरलंय. मागच्या मंगळवारी त्यातलं पहिलं पाकीट उघडलं. निळं अक्षर फिकट झालंय, पण वाचता येतं : गड्डा, रोल २, आणि खाली बारीक अक्षरात, 'जाड आहे. वेळ वाढवणे.'